घरचा आकडा

२ नोव्हेंबर

पोचलो एकदाचे! ट्रकवाल्याने आमचं कपाट दारातच आडवं पाडलं, नवऱ्याने त्याला सोडून स्वतःच्या नशिबाला शिव्या घातल्या आणि या सगळ्या गोंधळात भोपळीने गाडीच्या सीटवर मस्त ताणून दिली. भोपळी म्हणजे आमची लेक, नऊ महिन्यांची. खरं नाव चांगलं भारदस्त आहे, पण ते फक्त दाखल्यावर. असले गाल घेऊन आलेल्या मुलीला दुसरं काय म्हणायचं? लग्नानंतर कितीतरी वर्षं दवाखान्यांचे उंबरे झिजवल्यावर झालेली आहे, त्यामुळे ती शिंकली तरी घरात सोहळा असतो.

सरकारी घर म्हणजे गळकं छत आणि तुटक्या कड्या, अशी मनाची तयारी करून आले होते. पण छे! तीन खोल्या, आरशासारख्या गुळगुळीत भिंती, कुठे तडा नाही की ओल नाही. स्वयंपाकघराला मोठी खिडकी, तिच्याखाली टेबल. मी तर दारातच प्रेमात पडले. नवरा म्हणाला, घराच्या इतक्या प्रेमात पडू नकोस, माझा नंबर खाली जाईल. त्याला म्हटलं, तो कधीच गेलाय, भोपळी झाली त्याच दिवशी.

एक गंमत मात्र आहे. आधीचा निरीक्षक जाताना त्याच्या मुलाची कठड्याची खाट मागे ठेवून गेलाय आणि ती उभी आहे स्वयंपाकघराच्या अगदी मधोमध! ओट्याकडे जायचं तर वळसा, दाराकडे यायचं तर वळसा. माणूस जरा चक्रमच असावा. खाट मात्र भक्कम आहे. नवरा सुतार, त्याने ठोकून पाहिली आणि पास केली. आम्ही दोघांनी ती ढकलत ढकलत लहान खोलीत नेली आणि आतल्या भिंतीला टेकवून ठेवली. भिंतीच्या पलीकडे शेगडी आहे, त्यामुळे भिंत छान उबदार असते. आता कसं घर घरासारखं दिसतंय.

५ नोव्हेंबर

कामावर रुजू झाले. कार्यालय म्हणजे एक खोली, एक फोन आणि मी. मोठे साहेब शहरात बसतात, ते फोनवरच भेटतात.

या गावात पूर्वी युरेनियमची गिरणी होती. डोंगरातला दगड आणायचा, पिठासारखा दळायचा, त्यातलं हवं ते काढून घ्यायचं आणि उरलेली करडी वाळू मागे ओतायची. तिला इथे चोथा म्हणतात. गिरणी बंद पडली, माणसं पांगली, चोथ्याचं टेकाड तेवढं राहिलं. वरून चिकणमाती आणि दगडांचा थर घालून ते झाकलंय. पण चोथ्यातून किरण निघतच राहतात आणि एक वायूही निघतो. त्याला ना वास, ना रंग. तो छातीत बसला तर कित्येक वर्षांनी रोग होऊन उठतो. हे सगळं झाकणाखालीच राहतंय ना, वाऱ्याबरोबर, पाण्याबरोबर गावात येत नाही ना, यावर डोळा ठेवणं ही माझी नोकरी. आकडा मर्यादेत असला तर सही करायची, नसला तर जागेला कुलूप घालायचं.

किरणमापक खांद्याला अडकवून गावभर हिंडायचं. किरण लागला की तो कट् करतो. नवऱ्याने त्याचं नाव रातकिडा ठेवलंय. गावातल्या पोरांनी माझं नाव टिकटिकबाई ठेवलंय. आल्या दिवशीच बारसं झालं म्हणायचं!

पद्धत साहेबांनी समजावली. दगड, माती, आभाळ, सगळीकडून थोडे किरण येतच असतात, त्यांचा दोष टेकाडाला देता येत नाही. म्हणून सकाळी आधी चोथ्यापासून लांबच्या स्वच्छ जागी आकडा घ्यायचा आणि दिवसभरात जे जे मोजू त्यातून तो वजा करायचा. भाजीवाला टोपलीचं वजन वजा करतो ना, तसं. ही स्वच्छ जागा म्हणजे निरीक्षकाचं घर. टेकाड गावाच्या त्या टोकाला, आम्ही या टोकाला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर रातकिडा ठेवायचा, चहा पीत आकडा लिहून घ्यायचा. त्याला इथे ‘घरचा आकडा’ म्हणतात. गिरणी बंद झाल्यापासून हीच रीत आहे.

घरचा आकडा मला जरा चढाच वाटला. साहेबांना तसं म्हटलं तर ते हसले. इथला डोंगरच तसा आहे म्हणाले, होईल सवय.

सगळ्यात मजा भोपळीची. मांडीवर बसून ती रातकिडा ऐकते आणि टाळ्या वाजवते. तो बोलला की टाळ्या, मी बटण बंद केलं की हात मांडीवर आणि नजर माझ्याकडे, बंद का केलंस म्हणून. एवढं श्रोतृवृंदाचं प्रेम कुठल्या गवयाला मिळालं नसेल.

११ नोव्हेंबर

आज पहिली सही केली. पाळणाघराच्या मागे मुलांना खेळायला वाळूचं अंगण केलंय, ते माझ्या दाखल्यासाठी अडलं होतं. कोपरान् कोपरा मोजला. घरचा आकडा वजा केला तर हाती जवळजवळ शून्य. दाखला दिला. पाळणाघरवाल्या बाईंनी मला मिठीच मारली. जानेवारीत भोपळीला त्यांच्याकडेच ठेवायचं ठरलं आहे. नवऱ्याचे हात मोकळे झाले की त्याला थोडी कामं घेता येतील.

शेजारचे गवंडीकाका ओळख करून घ्यायला आले होते. आमचं घर त्यांनीच बांधलंय. आमचंच काय, ही सगळी आळी त्यांच्या हातची. भिंतीवरून असा हात फिरवतात, जणू घोड्याची पाठ थोपटताहेत. बोलताना दम लागतो त्यांना, दोन वाक्यं झाली की थांबतात. पण गप्पांची हौस दांडगी. आधीच्या निरीक्षकाचं विचारलं तर म्हणाले, भला माणूस, पण मुलगा आजारी पडला आणि एका दुपारी नेसत्या कपड्यांनिशी निघून गेले. खाटसुद्धा नेली नाही.

१८ नोव्हेंबर

थंडी अशी पडलीय की नाक आहे की गळून पडलं, हात लावून बघावं लागतं. खिडक्यांच्या फटी नवऱ्याने कापडाने घट्ट बुजवल्या. वारा म्हणून आत येत नाही. घर कसं उबदार झालंय.

भोपळीने नवा उद्योग काढलाय. कठड्यातून तोंड बाहेर काढून भिंत चाटते! खाटेच्या उंचीवर ओल्या जिभेचा पट्टाच उमटलाय, तिथला रंग निघून खालची करडी गिलाव्याची चकती दिसायला लागलीय. मी ओरडले की खुदकन हसते आणि परत जीभ बाहेर. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, अगं तुझा नवरापण असाच, अर्धी भिंत खाऊन मोठा झालाय, कॅल्शियम कमी पडत असेल. नवरा म्हणाला, बघ, तरी केवढा मजबूत निघालो.

आज बाजारातून घरी आले तर महाशयांनी रातकिडा खाटेला टांगला होता आणि पोरगी टाळ्या वाजवून लालबुंद झाली होती. मला मोठ्या उत्साहाने सांगत होता की भिंतीपाशी नेला की हा जास्त गातो, टेबलावर एवढा गात नाही. मी जाम भडकले. सरकारी यंत्र म्हणजे काय खुळखुळा आहे? वर म्हणे, तुझ्यापेक्षा मला जास्त जमतं वाजवायला. दोन तास बोलले नाही त्याच्याशी.

२३ नोव्हेंबर

नीट, क्रमाने लिहिते.

नवऱ्याने भोपळीच्या खोलीत फळी लावायला घेतली. मी टेबलाशी बसून टेकाडावरचे नमुने बाटल्यांत भरत होते, हातमोजे घालून. टेकाडाच्या झाकणाला एके ठिकाणी घुशीने बीळ केलंय, त्यातून निघालेला चोथा होता. करडा, मऊ, मैद्यासारखा. पलीकडे ड्रिल सुरू होतं. थोड्या वेळाने नवरा ओंजळ घेऊन आला आणि म्हणाला, काय सुंदर वाळू वापरलीय बघ, चाळून घेतल्यासारखी.

त्याच्या ओंजळीत आणि माझ्या बाटलीत एकच वस्तू होती.

मी हातमोजे काढले. रातकिडा घेतला, लहान खोलीत गेले. फळीखाली जमिनीवर वाळूचा छोटा ढीग पडला होता. त्याच्याजवळ धरला. कट् कट् नाही. किर्रर्र. टेकाडाच्या बिळापाशी काल ऐकलं होतं, हुबेहूब तसं.

खाटेत भोपळी उठून बसली आणि टाळ्या वाजवायला लागली.

मग घरभर फिरले. भिंतीपाशी जास्त. जमिनीलगत त्याहून जास्त. आतल्या उबदार भिंतीपाशी सगळ्यात जास्त. भिंतींपासून लांब जाऊ तसा कमी होतो. सगळ्या घरात सगळ्यात कमी कुठे, तर स्वयंपाकघराच्या मधोमध. जिथे खाट होती.

तो चक्रम नव्हता. चक्रम आम्ही. आपल्या हातांनी ढकलत नेली.

२४ नोव्हेंबर

रात्री तिघं स्वयंपाकघराच्या मधोमध जमिनीवर निजलो, खिडक्या सताड उघड्या टाकून. दात वाजत होते.

सकाळी गवंडीकाकांना विचारलं, वाळू कुठली. त्यांचा चेहरा उजळला. गिरणीने दिलेली, म्हणाले. ज्याला हवी त्याने गाडी भरून न्यावी. धुतलेली, चाळलेली, एक खडा सापडणार नाही! फुकट ते पौष्टिक, असं म्हणून हसायला लागले, हसता हसता खोकला आला तो थांबेचना. मी पाठ चोळत विचारलं, कुठे कुठे वापरली. त्यांनी हातानेच सांगितलं. सगळीकडे. आमची आळी, लॉज, दुकानं. पाळणाघर. पाळणाघराच्या नव्या अंगणात उरलेल्या वाळूचा मुद्दाम जाड थर घातला, म्हणाले, पोरं पडली तरी लागायला नको.

मला रडू फुटलं. त्यांना वाटलं त्यांच्या खोकल्यामुळे. मलाच पाणी दिलं त्यांनी.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. विषातून विष वजा करत होतो आम्ही, शून्य येणार नाही तर काय! इतकी वर्षं. इतके निरीक्षक. सकाळचा चहा पीत.

साहेबांना फोन केला. एका दमात सगळं सांगितलं. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग शांतपणे म्हणाले, यंत्र बिघडलं असेल, तपासणीला पाठवून द्या, ते येईपर्यंत घरचा जुना आकडाच चालू ठेवा. मी म्हटलं, साहेब, माझी मुलगी ती भिंत चाटते. ते म्हणाले, घाबरून कामं होत नाहीत, बाई.

यंत्र पाठवणार नाही. मेले तरी नाही.

२४ नोव्हेंबर, संध्याकाळ

आधीच्या निरीक्षकाचा नंबर मिळवला. मी इथली नवी निरीक्षक, एवढंच बोलले असेन. त्याने एकच विचारलं — लहान मूल आहे का घरात? आहे म्हटलं. मग विचारलं, खाट कुठे ठेवलीय?

मी सांगितलं.

मग म्हणाला, मी मधोमध ठेवली होती हो, तुम्हाला कळावं म्हणून तशीच ठेवून आलो. मी किंचाळले त्याच्यावर. तोंडाने सांगता येत नव्हतं का? लिहिता येत नव्हतं? त्याने सांगितलं की मागच्या सगळ्या सह्या खोट्या ठरल्या असत्या. त्याच्याही.

मुलगा कसा आहे विचारलं. फोन ठेवला त्याने.

२५ नोव्हेंबर

नवऱ्याला काल रात्री आवरता येईना. छिन्नी घेऊन भिंत खरवडायला निघाला होता, सगळी उकरून फेकून देतो म्हणून. हात धरला त्याचा. धूळ, अरे धूळ उडेल, ती श्वासात जाईल तिच्या! तो खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. फळी लावायची हौस मला, म्हणत होता. भोक मी पाडलं, फटी मी बुजवल्या. मी म्हटलं, भिंतीला खाट दोघांनी लावली. दुसरं काय म्हणणार.

घर सोडलं. लॉजवर आलो. खोलीत पाऊल टाकायच्या आधी रातकिडा आत धरला.

किर्रर्र.

आगीतून फुफाट्यात. सामान न सोडता बाहेर. गाडीत झोपलो.

भोपळी छान आहे. दूध पिते, हसते, दात दाखवते. काही म्हणजे काही झालेलं नाही तिला. तेच तर. हे असं लगेच दिसत नाही. उद्या दिसणार नाही, पुढच्या वर्षी दिसणार नाही. ती शाळेत जाईल, वेणी घालायला लागेल, आणि मी रोज तिच्या अंगावर गाठ शोधत बसेन —

२६ नोव्हेंबर

पाळणाघरात गेले. कुलूप घालायचं म्हणून. बाईंना सांगितलं, मुलांना आत्ता घरी पाठवा, अंगणात एक पोर दिसता कामा नये. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी प्यायलेय. मग हाताला धरून दाराशी नेलं आणि बोट दाखवलं. माझा दाखला. काचेत बसवून लावलाय. खाली माझी सही.

मागे पोरं वाळूत बसली होती. एकजण दुसऱ्याच्या डोक्यावर ओतत होता. माझ्यासमोर.

ओरडले. खूप ओरडले. बाईंनी साहेबांना फोन लावला. साहेबांनी त्यांना सांगितलं की नव्या निरीक्षकबाईंची तब्येत बरी नाही, दाखला कायम आहे.

पोरांना घरी पाठवून तरी काय? घरं त्याच वाळूची. कुठे पाठवू? —

दाखला मात्र फोडला. हात कापला. माझी सही घेऊन आले.

२७ नोव्हेंबर, सकाळ

निघतोय. घाटावर जायचं, तिथून पुढे माझ्या भावाकडे. तिकडून वर, पार वरपर्यंत सगळ्यांना लिहीन. आधी हिला बाहेर काढू दे.

काहीच बरोबर घेतलं नाही. खेळणी नाहीत, पांघरुणं नाहीत. नवऱ्याने स्वतःचे केस भादरून टाकले. एरवी मी हसून हसून लोळले असते. गावाबाहेरच्या सार्वजनिक न्हाणीघरात आम्ही तिघांनी अंग घासून घेतलं. भोपळीला दोनदा न्हाऊ घातलं, कानामागे, नखांत, बोटांच्या बेचक्यांत. नवे कपडे घातले, दुकानातल्या कागदातून थेट काढून. रडली बिचारी. तिला वाटलं आई रागावली.

आळीतून निघताना गवंडीकाका त्यांच्या दारात उभे होते. हात हलवत होते. मला काच खाली करायचं धैर्य —

२७ नोव्हेंबर, दुपार, घाटमाथा

गाडीत बसून लिहितेय. इथे घर नाही. भिंत नाही. नुसता दगड आणि वारा.

रातकिडा चालू केला. कट्. मग किती वेळ काहीच नाही. मग कट्. एवढंच! हा खरा आकडा. डोंगर तसा नव्हता. डोंगराचा काहीच दोष नव्हता.

गाडीची सीट पाहिली. गप्प. नवऱ्याचे हात, डोकं. गप्प. हसला तो, किती दिवसांनी. माझे हात, माझे केस. गप्प. म्हणजे सगळं धुतलं गेलं. वरचं सगळं गेलं. देवा.

आता भोपळी.

नवरा नको म्हणतोय. राहू दे म्हणतोय, चल, पुढे जाऊ. पण मला कळलंच पाहिजे. भिंतीवरची ती चकती — चाटून चाटून रंग गेलेली, तिच्या जिभेएवढी — ती वाळू गेली कुठे? पोटातच ना —

मांडीवर घेतलंय. हात मांडीवर ठेवून बघतेय माझ्याकडे. रातकिडा दिसला की अशीच शहाण्यासारखी बसते. वाट बघत.

पोटापाशी धरलाय. वारा फार आहे. काच खडखडतेय, मला काही ऐकू येत नाही — नवरा विचारतोय, काय, काय म्हणतो — थांब ना, ऐकू येत नाहीये मला —

भोपळी हसली.

टाळ्या वाजवतेय. थांबत नाहीये, अगं थांब, थांब ना गं बाळा, हात खाली कर —